बेरीज सात की आठ?

जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात मे महिना उजाडला की चौथीतल्या मुलांच्या हाती एक प्रमाणपत्र पडतं. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, या तीन विषयांच्या श्रेणींची त्यात सरासरी काढतात. 1 सगळ्यांत चांगली, 6 सगळ्यांत वाईट. सरासरी 2.33 पर्यंत आली तर गिम्नाझियुम, म्हणजे विद्यापीठाची सरळ वाट. 2.66 पर्यंत रेआलशुल, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. त्याच्या पुढे गेली तर मिटेलशुल, म्हणजे मुख्यतः कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी शाळा. साध्या हिशेबात, तिन्ही श्रेणींची बेरीज सात की आठ, यावर दहा वर्षांच्या पोराची शाळा ठरते!

मी म्युनिकमध्ये एम.एस्सी. करते आणि आठवड्यातून एक दुपार वस्तीतल्या केंद्रात शाळकरी मुलांचा अभ्यास घेते. (त्यासाठी आधी चारित्र्याचा सरकारी दाखला द्यावा लागला. आपल्याकडे प्रत्येक क्लासला हा नियम हवा.) माझ्याकडच्या एका मुलाची बेरीज यंदा आठ आली. घरी जर्मन कुणी बोलत नाही, त्यामुळे आकडेमोड पक्की असूनही शाब्दिक उदाहरणांत तो अडतो. हाच मुलगा शेजारच्या दुसरीतल्या मुलीला हातच्याची वजाबाकी शिकवतो. तिला आधी बोलायला लावतो, मधे तोंड घालत नाही, चूक तिची तिला सापडू देतो. मी ते त्याच्याकडून उचललंय. हल्ली उत्तर बघण्याआधी ‘कसं केलंस?’ विचारते. हे त्याला येतं, त्याची श्रेणी कुठल्या रकान्यात लिहायची?

नंतरही वाटा असतात, हे मान्य. तीन दिवसांचे चाचणी वर्ग असतात, पुढे शाळा बदलता येते. बर्लिनमध्ये तर प्राथमिक शाळाच सहावीपर्यंत आहे. तरी त्या आठवड्यात त्याचा उतरलेला चेहरा मी पाहिलाय.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत स्कॉलरशिपला बसणारे आणि न बसणारे एकाच बाकावर असायचे. इथली मैत्रीण म्हणते, तुमच्याकडे फी परवडणारे आणि न परवडणारे बालवाडीतच वेगळे होतात. खरं आहे. पण तू इथवरच, असं सरकार दहाव्या वर्षी कागदावर लिहून देत नाही. हा फरक मला मोठा वाटतो, आणि तो मी इथे कुणालाही ठासून सांगते.

परतल्यावर बी.एड. करून अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचं, असं ठरलं होतं. आता मला तिसरी-चौथीचा वर्ग हवाय. त्या वर्गांना बी.एड. चालत नाही, 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तसा निकाल दिला. म्हणजे बारावीनंतरचं दोन वर्षांचं डी.एल.एड., आपलं जुनं डी.एड., आणि मग टीईटी. ‘जर्मनीहून एम.एस्सी. होऊन डी.एड.?’ आई फोनवर रोज विचारते. हो आई, डी.एड.च.