आमची वाटचाल: मसाल्याच्या पाकिटावरची तारीख

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी चिपळूणच्या घराच्या पडवीत आम्ही धंदा सुरू केला. सासूबाईंच्या हातचा गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी, एवढंच. साध्या प्लास्टिकच्या पिशव्या मेणबत्तीवर चिकटवायच्या आणि वर फक्त नाव. वर्षाचा मसाला उन्हाळ्यात करून ठेवणारी आम्ही माणसं. मसाल्याला कसली मुदत, असंच वाटायचं.

पहिल्याच श्रावणात शेजारच्या आळीतल्या काकू पाकीट घेऊन आल्या. "वास घेऊन बघ गं." धन्या-जिऱ्याच्या मागून जुन्या तेलाचा वास येत होता. सासूबाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवला आणि म्हणाल्या, "खोबरं खवटलंय." मार्चमधलं कांडप होतं ते. त्या दिवशी मला फार लाज वाटली. उरलेली सगळी पाकिटं दुकानांतून परत आणली.

सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या वर तेल असतं, तिळात जवळजवळ निम्मं. भाजून कुटलं की ते तेल मोकळं होतं आणि हवा लागून खवटतं. तसं खवटायला ना जंतूची गरज, ना पाण्याची. मग घरचा मसाला वर्षभर कसा टिकायचा? तो चिनी मातीच्या बरणीत दाबून भरलेला, वर हिंगाचा खडा, आणि मुख्य म्हणजे कांडप कधीचं ते घरातल्या बाईला ठाऊक. डोंबिवलीत आमचं पाकीट फोडणाऱ्या ताईंना ते कसं कळणार? त्यांना ते तारखेनंच सांगावं लागतं.

तेव्हापासून प्रत्येक घाण्यातली बारा पाकिटं आम्ही ठेवून देतो आणि महिन्याला एक फोडतो. साध्या पिशवीतला गोडा मसाला चार महिन्यांत उतरायला लागला. आतून अॅल्युमिनियमचा थर असलेल्या पाकिटात आठ महिने चांगला राहिला. आम्ही सहा छापतो, कारण दुकानदाराच्या फळीवर ऊन येतं आणि घरोघरी ओला चमचा जातो. मेतकुटात खोबरं नाही, पण डाळींचं पीठ पावसाळी दमट हवा ओढून घेतं, गुठळ्या होतात आणि हिंगाचा वास उडतो.

"मिठालासुद्धा तारीख असते, ते काय सडतं का?" असं गिऱ्हाईक विचारतात. मीठ सडत नाही. पण आयोडीनयुक्त मिठात दुकानात किमान 15 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत पंधरा भाग) आयोडीन असावं असा आपल्याकडे नियम आहे. ओल लागली, दिवस गेले की ते कमी होतं. ती तारीख आयोडीनची.

2020 च्या लेबल नियमांपासून 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय', म्हणजे यानंतर खाऊ नका ही तारीख, छापणं सक्तीचं झालं. 'बेस्ट बिफोर', म्हणजे तोवर चव-वास उत्तम, हे हवं तर जोडीला. नियम मला मान्य आहे, मुदत संपलेला माल आम्ही दुकानातून उचलतोच. पण कोरड्या मसाल्याची तारीख मुख्यतः चवीची आणि वासाची असते, हे लोकांना कळावं असं मला मनापासून वाटतं. बुरशीचं मात्र वेगळं. ओलसर तिखटावर ती दिसली तर तारखेत असलं तरी टाकून द्या. वरवरची काढून वापरू नका.

सासूबाई आता ऐंशीच्या आहेत. गेल्या आठवड्यात सातव्या महिन्याचं पाकीट त्यांनी आमटीत घालून चाखलं. "अजून चालेल," म्हणाल्या. छपाईवाल्याला मी सहाच महिने सांगितले.