आमची वाटचाल : आधी तेलपाणी, मग बाकीचं काम

चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावरून कराडच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर आमचं गॅरेज आहे. बाबांनी ते सुरू केलं तेव्हा दारात वडापच्या ट्रॅक्स आणि जीपच जास्त असायच्या. माणसं ठासून भरायची आणि कुंभार्ली घाट चढायचा, हे त्या गाड्यांचं रोजचंच. कामंही ठरलेली: हेड गॅस्केट उडालं, पिस्टन चिकटला, इंजिन खोला. पैसा त्यातच मिळायचा. पण खोललेल्या बहुतेक इंजिनांचं दुखणं बाबांना एकाच जागी सापडायचं. ऑईल वेळेवर बदललेलं नसायचं, नाहीतर रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी विहिरीचं पाणी असायचं. साध्या पाण्याने आत गंज धरतो, क्षार साठतात, आणि भर चढणीला गाडी तापते. तेव्हा बाबांनी नियम केला, गाडी कुठल्याही कामाला येवो, आधी बॉनेट उघडून तेलपाणी बघायचं. इंजिनाची मोठी कामं त्यामुळे कमी झाली, पण गिऱ्हाईक टिकलं. मी गॅरेज हातात घेतलं ते याच नियमासकट.

आमच्या भागात सगळ्यात दुर्लक्षित राहतं ते ब्रेक ऑईल. ते हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवेत ओलावाच असतो. डॉट ४ प्रकारचं ताजं ब्रेक ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या ऑईलसाठी हीच मर्यादा १५५ वर येते. कुंभार्ली घाटात हेळवाकहून पोफळीकडे उतरताना चालक सतत ब्रेकवर पाय ठेवून आला, तर चाकाजवळची उष्णता तिथपर्यंत सहज पोहोचते. ऑईल उकळलं की पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पॅडल तळाला जातं आणि ब्रेक लागत नाही. घाटाच्या पायथ्याशी थांबून गाडी थंड झाल्यावर पॅडल पुन्हा कडक होतं आणि मालक म्हणतो, आता ठीक आहे. अशी गाडी आम्ही ऑईल बदलल्याशिवाय सोडत नाही. दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदलायचंच, आणि उतार खालच्या गिअरमध्ये उतरायचा, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. कुणाला कंटाळा आला तरी सांगतो.

मुंबईकरांच्या गावच्या गाड्यांचं वेगळं आहे. वर्षभर पडवीशेजारी उभ्या, गणपतीत आणि मे महिन्यात बाहेर निघणाऱ्या. "गाडी फिरलीच नाही, मग ऑईल कशाला बदलायचं?" हा प्रश्न हमखास येतो. पण गाडी थोडीच फिरली की इंजिन पुरतं तापत नाही, ऑईलमध्ये धरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. म्हणून गाडीच्या पुस्तकात किलोमीटरच्या जोडीला महिनेही दिलेले असतात. जे आधी भरेल ते धरायचं. रंगावरून ठरवू नका हेही सांगावं लागतं. डिझेल गाडीचं नवं ऑईल थोड्या दिवसांत काळं होतं, कारण काजळी पोटात घेणं हे त्याचं कामच आहे.

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. चिपळूणने २००५ चा पूरही पाहिला होता, तरी या वेळचं पाणी भयंकर होतं. ओसरल्यावर पहिल्या फोनपासून आम्ही एकच वाक्य बोलत होतो: किल्ली फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, उलट कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्यांनी ऐकलं त्यांची बरीच इंजिनं वाचली. इंजिनाखालच्या ऑईल चेंबरचा ड्रेन नट सोडला की आधी गढूळ पाणी यायचं, कारण ते जड म्हणून तळाला बसलेलं, आणि मागून दुधाळ ऑईल. इंजिन, गिअर, क्राऊन (चाकांच्या धुरीवरचे गिअर), ब्रेक, सगळीकडचं ऑईल काढायचं, नवं भरायचं, थोडा वेळ चालवून तेही काढून पुन्हा भरायचं. आमच्या पोरांनी रात्री जागून हे केलं, त्यातल्या काहींच्या स्वतःच्या घरात चिखल असताना. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६, म्हणजे धुराचे कडक नियम लागू झालेल्या गाड्या आल्या आणि आम्हाला नव्याने शिकावं लागलं. डिझेल गाडीच्या सायलेन्सरकडे काजळी अडवणारी जाळी असते. गाडी फक्त गावातल्या गावात फिरली तर ती जाळी साफ करायला सोडलेलं जादा डिझेल ऑईलमध्ये उतरतं आणि ऑईल मोजायच्या पट्टीवरची पातळी वाढते. ऑईल वाढलं म्हणजे पातळ झालं, ते ताबडतोब बदलायला हवं. या गाड्यांना कमी राखेचंच, म्हणजे जळल्यावर कमी राख उरणारं ऑईल लागतं, दुसरं चालत नाही. दुचाकीचंही तसंच: बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑईलमध्ये बुडलेला असतो, त्यात कारचं ऑईल घातलं तर तो घसरू शकतो.

नव्या ऑईलचा डबा आम्ही गिऱ्हाइकासमोर फोडतो आणि रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडतो, म्हणजे त्यात बनावट ऑईल भरून कुणी विकणार नाही. जुनं ऑईल पूर्वी लोक वाळवीसाठी, सेंट्रिंगच्या फळ्यांसाठी मागून न्यायचे. आता कुणालाच देत नाही. ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि इथलं सगळं पाणी शेवटी वाशिष्ठीत जातं. पिंपात साठवून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पाठवतो.

हल्ली इलेक्ट्रिक गाड्याही येऊ लागल्या आहेत. त्यांना इंजिन ऑईल नाही, पण ब्रेक ऑईल आहे, आणि बऱ्याच गाड्यांच्या बॅटरीला कूलंटही लागतं. पोरांना त्याचं प्रशिक्षण सुरू केलंय. आणि दर मे महिन्यात शाळेच्या रिक्षा व वडापच्या गाड्यांच्या ब्रेक ऑईलमधला ओलावा आम्ही फुकट तपासून देतो. पावसाआधी या, पाच मिनिटांचं काम आहे.