मुंबईत राहून घराण्याची वंशावळ लावताना: माझा अनुभव

घराण्याचा इतिहास शोधायचा म्हटलं की बरेचजण आधी मोडीच्या वर्गाला नाव घालतात. मी मोडी शेवटी ठेवली, कारण अलीकडच्या पिढ्यांचं बरंचसं बाळबोध अक्षरात सापडतं. गाव कोकणात आणि बिऱ्हाड लालबाग-परळला, अशा घरांचे कागद दोन ठिकाणी वाटले गेलेले असतात. कुठला कागद कुठे असणार हे कळलं की अर्धं काम झालं.

सुरुवात भावकीतल्या फायलींपासून करा. कुणाच्या मुलाची जात पडताळणी झाली असेल तर ती फाइल मागून घ्या. पुरावा ठराविक तारखेच्या आधीचा लागतो: अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967. त्यामुळे आजोबा-पणजोबांचे दाखले त्यात आयते मिळतात, सोबत प्रतिज्ञापत्रावरची वंशावळही. पण ती कामापुरती असते. अर्जदारापासून पुरावा असलेल्या पूर्वजापर्यंत सरळ रेघ असते आणि आत्या, निपुत्रिक काका, दुसरं लग्न हे सगळं गळलेलं असतं.

शाळेत दाखल्याबरोबर जनरल रजिस्टरचा उताराही मागावा. दाखला नंतर उतरवून दिलेला असतो, मूळ नोंद रजिस्टरात असते आणि तिथे आधीची शाळा, जन्मगाव, शाळा सोडल्याचं कारणही मिळतं. जन्मतारीख 1 जून दिसली तर ती बहुधा शाळाप्रवेशासाठी टाकलेली आहे. मी तिच्यापुढे ‘शाळेनुसार’ असं लिहून ठेवतो.

जन्म-मृत्यूची नोंद जिथे घटना घडली तिथे होते, माणूस राहायचा तिथे नाही. लालबागच्या माणसाचं निधन सायन हॉस्पिटलात झालं असेल तर नोंद लालबागच्या, म्हणजे महापालिकेच्या एफ दक्षिण वॉर्डात शोधून उपयोग नाही, ती एफ उत्तर वॉर्डात असणार. आणि पहिलं बाळंतपण माहेरी होत असल्याने मुंबईत वाढलेल्या कितीतरी थोरल्या मुलांची जन्मनोंद आजोळच्या तालुक्यात असते. सध्याचा नोंदणी कायदा 1969 चा. त्याआधीच्या गावच्या नोंदी गाव नमुना नंबर 14 मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात, तहसीलच्या अभिलेख कक्षात पाहाव्यात. तिथे बाळाचं नाव बहुधा नसतं, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचं नाव एवढंच. म्हणून नावाने न शोधता बापाच्या नावाने, दोन-तीन वर्षं मागेपुढे धरून पानं चाळायची. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला वेगळा झाला. मालवणकडच्या जुन्या कागदांवर जिल्हा रत्नागिरीच असतो, हे बघून गोंधळू नये.

आता फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदललं की तलाठ्याकडे होणारी नोंद. माझ्या मते सामान्य शेतकरी घराचा इतिहास खरा इथेच आहे. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर नावाशेजारी गोलात एक आकडा असतो, तो फेरफाराचा. नावाला कंस म्हणजे ते नाव कमी झालं. त्या आकड्याचा फेरफार काढला की अमुक तारखेला मयत, वारस अमुक, वय, नातं असं सगळं मिळतं. तिथून आधीच्या आकड्यावर जायचं. स्कॅनिंग झालेल्या तालुक्यांचे फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात, बाकीचे अर्ज देऊन. नावापुढचं ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ते दिसलं की त्या एका नावामागे न लिहिलेले भाऊ आहेत असं धरून चालायचं. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता. ते असेल तर वारस अज्ञान, म्हणजे वयाने लहान होता, बाप बहुधा लवकर गेला.

सगळ्यात बोलका भाग म्हणजे आणेवारी. पूर्ण हिस्सा 16 आणे, एका आण्याचे 12 पै. नावापुढे 5 आणे 4 पै असेल तर तो 16 आण्यांचा तिसरा भाग, म्हणजे तीन भाऊ. पुढच्या पिढीत 2 आणे 8 पै दिसले तर त्यातल्या एकाला दोन मुलगे. आणि आधी 4 आणे असून पुढे 5 आणे 4 पै झाले, तर भाऊ चार होते आणि एकाचा वंश खुंटला, अशी शक्यता मोठी. ज्या माणसाचं नावही घरात कुणी घेत नाही, त्याचा पत्ता असा लागतो. अर्थात खरेदी, बक्षीसपत्र, वाटणी यांनीही हिस्सा बदलतो, म्हणून मधले फेरफार वगळून हिशेब मांडू नये.

बायकांची नावं मात्र हट्टाने शोधावी लागतात. जुन्या नोंदीत ‘धोंडू बिन राघो’ असा बाप-लेक कळतो, विधवेचं नाव ‘कोम’ (म्हणजे अमक्याची बायको) लावून नवऱ्याच्या नावासकट येतं, पण लेकी नसतातच. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर त्या वारसांत दिसू लागतात, सासरच्या नावाने. त्यातही सर्वांत जास्त नावं हक्कसोडपत्राच्या फेरफारात सापडतात. हक्क सोडताना तरी त्यांचं नाव लिहिलं गेलं, याची मला दर वेळी चीड येते. पण त्या एका ओळीवरून आत्याच्या सासरचं गाव लागतं आणि वंशावळीत तिची शाखा उभी राहते.

गावात सातबाऱ्याची चौकशी केली की हिस्सा मागायला आला असा संशय येतोच. म्हणून आधी सगळ्या घरांना भेटून हेतू सांगावा, मिळालेल्या नकला त्यांनाही द्याव्या. गणपतीत सगळे घरी असतात, तीच वेळ बरी. ‘पूर्वज कोण?’ असं विचारून काही हाती लागत नाही. ‘आपण कुणाकुणाचं सुतक धरतो?’ असं विचारा, भाऊबंदांची यादी म्हाताऱ्या काकू धडाधड सांगतात. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या वर्गणीच्या वह्याही पाहाव्या, कोण कोणत्या चाळीत राहायचा ते त्यातून कळतं.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यातले कोण येऊन गेले, सोबत कोण होतं, हे लिहिलेलं असतं, कधी पूर्वजाची सहीही. जाताना मूळ गाव, आडनाव, जात आणि निदान पणजोबांपर्यंतची नावं पाठ हवीत, कारण वही गाव-जातीवरून निघते. आडनाव बदललं असेल तर जुनंही सांगा. तिथला शक असेल तर 78 मिळवून इसवी सन काढा. पौष ते फाल्गुनातली तिथी बहुधा पुढच्या वर्षात जाते, तेव्हा 79.

वंशावळ मांडताना आणि वाटताना दोन गोष्टी पाळतो. आजोबांचं नाव नातवाला, म्हणून एकाच नावाची चार माणसं निघतात. प्रत्येकाला साधा चढता क्रमांक द्यावा. 1.1, 1.2 असे शाखेचे क्रमांक दिले की मागाहून एखादा थोरला भाऊ सापडतो आणि सगळं पुन्हा लिहावं लागतं. ग्रॅम्प्स हा मोफत प्रोग्राम देवनागरी नावं घेतो आणि प्रत्येक माहितीला कागद जोडू देतो. दुसरं, हयात माणसांच्या जन्मतारखा सर्वांना जाणाऱ्या प्रतीत ठेवत नाही, दत्तक आणि दुसरी लग्नंही त्या त्या घराला विचारूनच. फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचे, नाहीतर बारीक अक्षर पुसट होतं. फोटोची मागची बाजूही स्कॅन करायची, स्टुडिओचा शिक्का आणि नावं तिथेच असतात. छापण्याआधी कच्ची प्रत प्रत्येक शाखेला दुरुस्तीला द्यावी. दोन घरांची माहिती जुळत नसेल तर दोन्ही लिहून, कुणी सांगितली आणि कोणत्या कागदावर आहे ते खाली नोंदवावं.