कुर्डीचं अंगण आणि पिवळा डबा

चित्रांच्या प्रदर्शनात मला चित्रं बघण्याइतकंच चित्रकाराला प्रश्न विचारणारे लोक बघायला आवडतात. पणजीत तर हमखास दोन तऱ्हा भेटतात. एक वाइनचा ग्लास हातात धरून 'हे जरा दालीसारखं आहे ना', म्हणजे स्वप्नातल्यासारखी अजब चित्रं काढणाऱ्या त्या स्पॅनिश चित्रकारासारखं, असं म्हणणारे आणि दुसरे थेट 'ह्याचा अर्थ काय?' विचारणारे. मला दुसरे जास्त आवडतात, निदान खरं बोलतात.

माझ्या ओळखीची एक चित्रकार आहे, मी तिला ताई म्हणते. परवा तिच्या प्रदर्शनात मदतीला म्हणून बसले होते, म्हणजे अभिप्रायाची वही सांभाळत. सगळ्यांची गर्दी एकाच चित्रापुढे. निळ्याहिरव्या पाण्याच्या तळाशी एक तुळशीवृंदावन, आणि त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालावी तसे मासे फिरताहेत. एक काका बराच वेळ बघून म्हणाले, 'श्रद्धा बुडाली, असं सुचवायचंय ना तुम्हाला?' ताई हसून म्हणाली, 'अहो काका, हें आमचें आंगण.'

काकांना वाटलं ही टाळतेय, पण ती खरंच तेवढंच सांगत होती. तिचं मूळ घर सांगे तालुक्यातल्या कुर्डीचं. साळावली धरणाच्या पाण्याखाली जे गाव गेलं ते. हो, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी. 1986 च्या सुमारास लोक गाव सोडून उठले, वाडे आणि वालकिणी या गावांत पुनर्वसन झालं. महादेवाचं जुनं देऊळ तर दगड दगड सुटा करून दुसरीकडे नेऊन परत उभं केलं, माणसांच्या घरांचं मात्र तसं काही करता येत नव्हतं. मे महिन्यात पाणी उतरलं की घरांची जोती, वाटा, वृंदावनं, मेलेल्या झाडांचे बुंधे वर येतात, गावचे लोक जमतात, सोमेश्वराचा उत्सव करतात आणि पावसाबरोबर सगळं परत खाली. आता अशा गावच्या माणसाने तुळशीपाशी मासे काढले तर त्यात कसला आलाय सर्रिअलिझम, कसलं स्वप्नातलं चित्र, ते तर जवळजवळ फोटोच काढल्यासारखं झालं!

मला वाटतं असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होत असावं, आपण ज्याला प्रतीक म्हणून डोकं खाजवतो ते चित्रकाराच्या घरी रोजचंच असतं. चित्रकार आंजेलो द फोन्सेकांचं बघा. 1902 चा जन्म, सांतु इस्तेव्हचा माणूस, शांतिनिकेतनात शिकला आणि मेरीला साडी नेसवली, चेहरा इथल्या बायकांचा दिला. तेव्हा गोव्यात लोकांना ते भयंकर खटकलं, शेवटी ते पुण्यात जाऊन राहिले. त्यामागे त्यांचा विचार होताच, नाही असं नाही, पण मला आपलं वाटतं की आई काढायची तर ती आजूबाजूच्या आयांसारखीच काढली जाणार, त्यात एवढं रागवण्यासारखं काय? साळगावचे चित्रकार एफ. एन. सोझा, त्यांची गोष्ट तर आणखी घरातली, लहानपणी देवी आल्या, आईने सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस बोलला आणि पोर वाचलं म्हणून फ्रान्सिस नाव ठेवलं. पुढे हा माणूस आयुष्यभर संत आणि क्रूस काढत राहिला, तेही चांगलेच भेसूर, त्यावर जाड जाड पुस्तकं आली, पण मला त्यात तो नवसाचा मुलगाच आधी दिसतो.

तर ताई. तिचं दुसरं एक चित्र आहे, साधा पितळी नळ, आणि खाली त्याला माडासारखी मुळं फुटलेली. ह्याला मात्र ती स्वतःच प्रतीक म्हणते. ती आता मडगावात राहते आणि दक्षिण गोव्याला बरंचसं पाणी साळावलीचंच. 'नळ सोडला की आमच्याच अंगणावरचं पाणी बादलीत पडतं, आणि बिल पण मलाच येतं,' हे ती इतकं सरळ चेहऱ्याने सांगते की समोरच्याला हसावं की गप्प बसावं कळत नाही. धरण नको होतं असंही ती म्हणत नाही हां. पाणी सगळ्यांना लागतं, तिलाही लागतं. मला हे आवडलं, नाहीतर विस्थापन म्हटलं की चित्रातली सगळी माणसं एकजात डोक्याला हात लावून बसलेली.

पण खरी गंमत वेगळीच आहे. तिच्या प्रत्येक चित्रात कुठेतरी एक पिवळा चौकोन असतो, नखाएवढा. कोणी विचारत नाही. मी विचारलं. तर आधी चहा मागवला, मग म्हणाली, अगं मी जन्मलेच वाड्याला, कुर्डीत मी एक रात्रसुद्धा झोपलेले नाही. मे महिन्यात बाबा न्यायचे, जोत्यावर उभं राहून हे स्वयंपाकघर, ही माजघराची भिंत, इथे आजी निजायची असं दाखवायचे, आई पदर डोळ्याला लावायची, आणि माझं सगळं लक्ष पिशवीतल्या पिवळ्या प्लास्टिकच्या डब्यावर, कारण त्यात उंडे, म्हणजे आमचे गोल पाव, आणि बटाट्याची सुकी भाजी असायची. मोठ्यांचं गाव गेलं होतं गं, माझी पिकनिक होती. ते लपवून कसं चालेल, म्हणून डबा काढते. पण मोठा काढायचं धाडस नाही होत, बाबा प्रदर्शनाला येतात ना.

ह्यानंतर मी सगळी चित्रं परत एकदा फिरून बघितली आणि वृंदावनापेक्षा तो डबाच शोधत राहिले. संध्याकाळी आर्ट कॉलेजचा एक मुलगा आला, हुशार होता, बरोब्बर त्या पिवळ्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाला, 'मॅडम, हे काय?' मी वहीतून मान वर केली. ताई म्हणाली, 'ते होय? कंपोझिशनसाठी.'