शेजारच्या बाकाची भीती

छत्रपती संभाजीनगरातील ज्या जर्मन वर्गात मी सध्या शिकतो, तेथे बहुतेक जण परिचर्येचा (नर्सिंगचा) अभ्यासक्रम पूर्ण करून अंबाजोगाई, परतूर, हिंगोली अशा गावांहून आलेले आहेत. लेखी सरावात त्यांपैकी कित्येक जण माझ्या बरेच पुढे असतात. मात्र तोंडी सराव सुरू झाला, की सगळ्यांच्या नजरा वहीत जातात.

ए-१ या अगदी प्राथमिक पातळीच्या तोंडी परीक्षेत कार्डावरचा एखादा शब्द घेऊन समोरच्या उमेदवाराला प्रश्न विचारायचा असतो. सरावात माझ्या शेजारच्या मुलीला ‘ब्रोट’, म्हणजे पाव, हे कार्ड मिळाले. ‘एसन झी गेर्न ब्रोट?’ (तुम्हाला पाव खायला आवडतो का?) हे वाक्य तिच्या वहीत आदल्याच पानावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते. तिने कार्डाचा कोपरा दुमडला, सरळ केला, पुन्हा दुमडला आणि अखेर मराठीत म्हणाली, “सर, दुसऱ्याला विचारा ना.”

तिचा अभ्यास कमी पडला, असे मला वाटत नाही. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये परकी भाषा शिकताना वर्गात वाटणाऱ्या धास्तीची स्वतंत्र मांडणी केली आणि ती मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. बोलण्याचा संकोच, परीक्षेची भीती आणि लोक आपल्याला नावे ठेवतील ही भीती, असे तीन धागे त्यांनी या धास्तीत पाहिले. अशा वेळी अर्धे लक्ष वाक्य जुळवण्यात आणि अर्धे स्वतःवर पहारा ठेवण्यात जाते, त्यामुळे पाठ असलेला शब्दही ऐनवेळी आठवत नाही.

आपल्याकडे तिसरा धागा फार चिवट आहे. मराठवाडी ढंगात ‘करायलो’, ‘जायलो’ म्हटल्यावर पुण्यात पिकलेला हशा ज्यांनी ऐकला आहे, त्यांना मातृभाषेतही आधी अंदाज घेऊन बोलायची सवय लागते. मग जर्मनची काय कथा! उलट, हीच मंडळी शहागंजच्या बाजारात मोडक्यातोडक्या हिंदीत बिनदिक्कत घासाघीस करतात, आणि देगलूर-उदगीरकडची माणसे तेलुगू किंवा कन्नड बोलताना लिंग-वचनाची फिकीर करीत बसत नाहीत. दुकानदाराला गिऱ्हाईक हवे असते, तो गुण देत नाही.

म्हणूनच ‘घाबरू नका, बिनधास्त बोला’ हा उपदेश मला निरुपयोगी वाटतो (तो करणारा सहसा फळ्याजवळ उभा असतो, बाकावर बसलेला नसतो). आमच्या सरांनी अलीकडे दोन बदल केले: आधी दोघादोघांनी आपापसांत बोलायचे, मगच वर्गापुढे यायचे, आणि बोलणे मध्येच न तोडता चूक ते संपल्यावर सांगायची. दुसऱ्या बदलाला काही पालकांचा आक्षेप आहे, चुका तोंडात बसतील असे त्यांना वाटते. आक्षेप अगदीच पोकळ नाही, त्यामुळे सर त्या चुका टिपून ठेवतात आणि तासाच्या शेवटी, कोणाचेही नाव न घेता, फळ्यावर दुरुस्त करून दाखवतात.