पट छापा, पण इयत्तावार आणि दोनदा

स्मरणिकेत शाळेचा पट एका आकड्यात छापून मोकळं होण्याची रीत आहे. बीड जिल्ह्यातल्या या जिल्हा परिषद शाळेचा मी माजी विद्यार्थी, पुढे केंद्रप्रमुख म्हणून शाळांचे पट तपासत आलो. म्हणून संपादक मंडळाला आग्रहाची विनंती आहे: सहावी ते आठवीचा पट इयत्तावार द्या, मुलं-मुली वेगळे दाखवा.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या वर्गांना किमान दर 35 मुलांमागे एक शिक्षक लागतो. समजा सहावीत 52, सातवीत 30, आठवीत 18 मुलं आहेत. एकूण 100, शिक्षक तीन, कागद बिनचूक. पण सहावीत एका वहीला दोन मिनिटं धरली तरी गणिताच्या वह्यांना 104 मिनिटं लागतात, म्हणजे 35 मिनिटांच्या जवळजवळ तीन तासिका. मग तपासणी नुसत्या सहीवर येते आणि अपूर्णांकात अडलेलं पोर तसंच सातवीत जातं. तुकडी पाडायची तर चौथा शिक्षक हवा आणि खोलीही; या प्रमाणात तो 106 व्या मुलाला मिळतो. पट शंभराच्या वर गेला की पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण व कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक द्यावेत, असंही कायदा म्हणतो. एका मुलाच्या प्रवेशावर इतकं अवलंबून असतं.

पट दोनदा छापायचा, म्हणजे सप्टेंबरचा पट आणि जानेवारीची प्रत्यक्ष हजेरी, तो ऊसतोडीमुळे. यू-डायसची, म्हणजे सरकारकडे शाळांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीची, माहिती 30 सप्टेंबरच्या पटावर भरतात आणि ऊसतोड मजुरांच्या टोळ्या त्यानंतर, दिवाळीच्या आगेमागे निघतात. जानेवारीत पट तोच, बाकं मात्र रिकामी. धाकट्या भावंडांना सांभाळायला बारा-तेरा वर्षांच्या मुलीला हमखास नेतात. त्यामुळे मुलींची गळती शोधायची तर जानेवारीची हजेरी बघावी, पट नव्हे. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मुलांना गावात ठेवणारं हंगामी वसतिगृह टोळी निघण्याआधी सुरू झालं तर मुलं गावात राहतात. महिनाभर उशीर झाला की कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीवर, गेलेलं पोर हंगामाच्या मध्यात सहसा परतत नाही. जाणाऱ्या प्रत्येकाला तिकडच्या शाळेत दाखवायला शिक्षण हमी कार्ड द्यावं आणि कारखान्याचं व टोळी नेणाऱ्या मुकादमाचं नाव शाळेत नोंदवून ठेवावं. ‘सतत गैरहजर’ म्हणून नाव कमी करणं तर टाळाच.

जुने आकडे काढताना जनरल रजिस्टरमधला (मुलांच्या दाखल-खारीज नोंदवहीतला) शाळा सोडल्याचं कारण लिहिलेला रकाना इयत्तावार मोजा. त्यात सातवीनंतर ‘स्थलांतर’ लिहिलेल्या मुली वेगळ्या काढा आणि त्यांचा दाखला दुसऱ्या कुठल्या शाळेत गेला का, तेही बघा.