काठी घेऊन बसमध्ये

घोट्याचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं. ते निघाल्यावर डॉक्टरांनी हातात काठी दिली आणि गाडी चालवायला बंदी केली. ऑफिस तर गाठायचंच होतं. सिटी बसमध्ये मी कॉलेजनंतर पाऊलही ठेवलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी चढताना चुकलो. दुखरा पाय आधी पायरीवर टाकला आणि सगळा भार त्या घोट्यावर आला. मागच्या काकूंनी कोपराला धरलं म्हणून वाचलो. संध्याकाळी फिजिओथेरपिस्टनी जिन्याचा नियम पुन्हा घोकून घेतला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. चढताना वरच्या पायाला सगळं अंग उचलावं लागतं, उतरताना तोलून धरायचं काम मागे राहिलेला पाय करतो. बसची पायरी जिन्यापेक्षा उंच, त्यामुळे तिथे ही चूक फार महागात पडते.

मग जागेचा प्रश्न. शेवटचं बाकडं रिकामं दिसलं की मी तिकडे जायचो. पण ते मागच्या चाकांच्याही मागे असतं. चाक खड्ड्यातून उसळलं की बसचं शेपूट त्याहून जास्त उडतं. दर खड्ड्याला घोट्यातून कळ जायची. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा सगळ्यात कमी हादरते, हे आठवडाभर सोसल्यावर कळलं. तिथे जागा नसेल तर मागायची. सुरुवातीला मला फार संकोच वाटायचा, कोणीतरी काठी बघून उठेल म्हणून मी उभा राहायचो. खरं तर लोक मोबाईलमध्ये असतात, काठी दिसतच नाही त्यांना. एकाकडे बघून "पाय मोडलाय, बसू का?" म्हटलं की माणूस लगेच उठतो. एकदाही नकार मिळाला नाही.

थांब्यावर वीस-वीस मिनिटं बस नाही, आणि मग एकाच नंबरच्या दोन पाठोपाठ. माझा संताप व्हायचा. एका ड्रायव्हरकाकांनी उलगडून सांगितलं, "पुढची जरा उशिरा आली की थांब्यावर माणसं जास्त साठतात. ती चढेपर्यंत आणखी उशीर. मागचीला माणसंच मिळत नाहीत, ती येऊन चिकटते." तेव्हापासून पहिली खचाखच भरलेली दिसली आणि मागे दुसरी असली, तर पहिली सोडायला लागलो. मात्र दुसरीला ठळक हात दाखवावा लागतो, नाहीतर ती न थांबता निघून जाते. माझी एकदा गेली.

सगळ्यात जास्त भीती उतरण्याची. थांबा यायच्या आधी उठून दाराशी जायचं, तर ब्रेक लागला की तोल जातो. म्हणून तिकीट काढतानाच कंडक्टरना सांगायचो, "मला उतरायला वेळ लागतो." ते लक्षात ठेवायचे आणि माझ्या थांब्याला पुढे हाक मारायचे, "थांबवून ठेवा, काठीवाले उतरतायत."

काठी सुटून महिना झाला. बस पूर्ण थांबल्याशिवाय मी अजूनही जागेवरून उठत नाही.